धुळ्यात आप्पा अजून आघाडीवर

रुपचंद आप्पांनी खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच यादव बैसाणे सरांनी तो झटकून एसटी पकडायला हवी होती. पण ज्या माणसाच्या खांद्यावर इतकी वर्षं फक्त शबनम आणि धुळे-शिरपूर गाडीत पेंगणाऱ्या प्रवाशांची मुंडकी पडत आली, त्याला पतपेढीच्या अध्यक्षाचा हात म्हणजे शालच वाटणार. सर थांबले. गाडी गेली.

"यादव, तुला तो कॉम्प्युटर येतो म्हणे?"

हे वाक्य शिक्षकांमध्ये कुठल्या सुरात म्हटलं जातं ते सरांना पाठ होतं. बैल झाडावर चढतो म्हणे, असा तो सूर. आपल्या पोराला क्लास लावून टायपिंगसुद्धा जमत नाही आणि भिका बैसाण्याचा पोरगा शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकांतून प्रोग्रॅम शिकतो, हे दुःख चारचौघांत बोलायची सोय नव्हती. म्हणून ते असं कौतुक होऊन बाहेर पडायचं.

"येतो थोडाफार, आप्पा."

"मग पतपेढीचा निकाल इंटरनेटवर दाखव. मोजणी जळगावात, आणि इथं धुळ्यात बसून लोकांनी फेरी-फेरीचे आकडे पाहिले पाहिजेत. जमलं तर तुझी धुळ्याला प्रतिनियुक्ती. जिल्हा परिषदेत संगणक कक्ष निघतोय. आपले व्याहीच तिथं साहेब आहेत."

प्रतिनियुक्ती म्हणजे काय, हे ज्यांनी सरकारची चाकरी केली नाही त्यांना कळायचं नाही. माणसाचं नाव डोंगरातल्या शाळेत राहतं आणि माणूस शहरात पंख्याखाली बसतो, या चमत्काराला प्रतिनियुक्ती म्हणतात. सरांची शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी होती. धुळ्याहून शिरपूर, शिरपूरहून काळीपिवळी जीप, आणि पावसाळ्यात शेवटचा नाला चपला हातात घेऊन. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. धुळ्यात देवपुरातल्या घरी बायको मंदाबाई आणि मुलगी. मुलगी आता अशी झाली होती की शनिवारी दार उघडून आत ओरडायची, "आई, पप्पा आलेत, चहा टाक," जशी एखाद्या पाहुण्याची वर्दी द्यावी. सरांना ते लागायचं. त्या एका वाक्यासाठी सर धुळ्याला यायला वाटेल ते करायला तयार होते, आणि वाटेल ते करायला तयार असलेला माणूस आप्पांसारख्यांना दोन गल्ल्या पलीकडूनच वास येऊन ओळखता येतो.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं.

"आप्पांनी शब्द दिला?" मंदाबाई पोळपाट पुसत म्हणाली. "लिहून?"

"शब्द काय लिहून देतात का, मंदा?"

"म्हणूनच देतात."

सातपुडा-तापी शिक्षक पतपेढीची ही निवडणूक. ज्यांनी शिक्षकांच्या पतपेढीची निवडणूक पाहिली नाही, त्यांनी दिल्लीच्या निवडणुकीबद्दल तोंड उघडू नये. जो गुरुजी वर्षभर वर्गात डुलक्या काढतो, तो या महिन्यात साक्री ते रावेर मोटारसायकल पळवतो. एरवी पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारे लोक या दिवसांत एकाच रात्रीचं जेवण दोन्ही पॅनेलांकडे जेवतात आणि दोन्हीकडे मिठाची शपथ घेतात. एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. वर्ष संपताच जगातले सगळे कॉम्प्युटर एका फटक्यात बंद पडणार अशी हवा होती, आणि त्याच्या आत एकदा तरी आपला फोटो कॉम्प्युटरवर झळकावा अशी आप्पांची तळमळ. समोर उभ्या होत्या अंमळनेरच्या कुंदाबाई. मुख्याध्यापिका, बोलायला कमी, आणि सभेत एकच प्रश्न विचारून खाली बसणाऱ्या. त्या एका प्रश्नाला आप्पा सहा वर्षं उत्तर देत होते.

सरांनी एका रविवारी साधं पान केलं. वर पतपेढीचं नाव, खाली उमेदवार, समोर मतं. झालं. सुबक, हलकं, झटकन उघडणारं. इथे थांबले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण शेजारी झिपरू नाना राहत होते. नाना निवृत्त तलाठी. माणूस निवृत्त झाला तरी दुसऱ्याच्या हद्दीत खुणा रोवायची सवय जात नाही.

"पान मोकळं दिसतंय," नाना खिडकीतून डोकं घालून म्हणाले. "वर गणपती टाक."

"आमच्यात गणपती नसतो, नाना."

"मग तुमच्यातलं कोणी टाक. पण मोकळं सोडू नको. आणि हे अक्षर मिचमिच का नाही करत? माझ्या नातवाने पाहिलंय, इंटरनेटवर सगळं मिचमिच करतं."

सरांनी एक ओळ मिचमिचती केली. मग आप्पा आले. आप्पांना फोटो हवा होता, फेट्यातला. आप्पांचा फोटो आला म्हटल्यावर निवडणूक अधिकाऱ्यांनी आचारसंहिता काढली: टाकायचे तर सगळ्या उमेदवारांचे टाका, सारख्याच आकाराचे. तेवढ्यात निघालं की मराठी अक्षरं सरांच्या कॉम्प्युटरवर दिसतात, दुसरीकडे नुसते चौकोन. म्हणून प्रत्येक नावाचंही चित्र करून चिकटवावं लागलं. मग निशाण्या. आप्पांची छत्री, कुंदाबाईंची शिट्टी, कुणाची कपबशी, कुणाचं शिलाई मशीन. आता पान उघडायला बसलं की आधी छत्रीची काठी यायची, मग बऱ्याच वेळाने छत्रीचं कापड, आणि आप्पांचा फेटा उतरून चेहऱ्यापर्यंत येईतो माणूस कोपऱ्यावर शेवभाजी खाऊन परत येऊ शकत होता. आणि हे प्रत्येक फेरीला. आकडा बदलला की सगळं पान पुन्हा पहिल्यापासून.

सर हट्टाला पेटले. जुन्या बाजारातून आणलेल्या एका जाडजूड पुस्तकात त्यांना वाट सापडली. इंटरनेट एक्स्प्लोरर नावाचं पान उघडायचं जे साधन असतं, ज्याला ब्राउझर म्हणतात, त्याची पाचवी आवृत्ती नुकतीच निघाली होती. तिच्यात सोय होती: आकडे एक्सएमएल नावाच्या वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवायचे. पान जागच्या जागी राहतं, फोटो, छत्र्या, फेटे सगळे जागच्या जागी, आणि पान आपलं आपण थोड्या थोड्या वेळाने ती फाइल मागवून फक्त आकडे बदलतं. सरांनी घरच्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. फेटा हललासुद्धा नाही आणि आकडा टचकन बदलला. सर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"मंदा! इकडे ये! बघ, ताट तेच, भाकरी तीच, नुसतं वाटीतलं कालवण ताजं!"

मंदाबाईने पाहिलं. तिला आवडलं, पण नवऱ्यासमोर लगेच आवडलं म्हणायची तिची पद्धत नव्हती. "आणि एखाद्याच्या ताटात वाटीच नसली तर?"

"जगात आता सगळ्यांकडे हीच वाटी येणार आहे," सर म्हणाले. असं बोलणारे लोक पुढे हमखास तोंडावर आपटतात, पण बोलताना ते फार छान दिसतात.

पान अगदीच ओकंबोकं नको म्हणून पहिल्या फेरीचे आकडे सर खुद्द पानातच हाताने लिहिणार होते. दुसऱ्या फेरीपासून फाइल. मोजणीआधी ते धुळ्याच्या त्या एकुलत्या एक सायबर कॅफेत तपासायलाही गेले. कॅफेवाल्याकडे जुनं मशीन, त्यावर नेटस्केप नावाचा दुसरा ब्राउझर. "सर, ते एक्स्प्लोरर पाच माझ्या मशिनला झेपत नाही. बसवलं की हे बसतंच." सरांनी पान उघडलं. आप्पा, आप्पांचे दोन मुख्याध्यापक आणि झिपरू नाना श्वास रोखून पडद्याकडे पाहत राहिले. छत्री आली. फेटा आला. शेवटी आप्पा संपूर्ण आले.

"आला!" नाना ओरडले. टाळ्या पडल्या. पेढे निघाले. आकडा बदलतो की नाही हे पाहायचं कुणाच्या मनातच आलं नाही, कारण आकडा पाहायला कोणी आलंच नव्हतं. सगळे फोटो पाहायला आले होते. सरांच्या मनात आलं होतं. पण तोंडात पेढा होता, पाठीवर आप्पांची थाप होती, आणि एवढ्या मोठ्या माणसांच्या टाळ्यांत "जरा थांबा, अजून एक तपासायचंय" म्हणायला जी छाती लागते ती बदलीची वाट पाहणाऱ्या मास्तरला नसते.

मोजणीचा दिवस. सर सकाळच्या गाडीने जळगावला, पतपेढीच्या कचेरीत. आप्पा मात्र धुळ्यातच. उमेदवार मोजणीला बसला की मतांना दृष्ट लागते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी अख्खा कॅफेच ताब्यात घेतला, बाहेर मांडव टाकला, बँड सांगितला, आणि गुलालाची पोती मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवली. जळगावात त्यांचा माणूस म्हणून उखर्डू नावाचा शिक्षक बसवला होता.

आता टेलिफोनची गंमत ऐका. जळगावच्या कचेरीत फोन एकच. त्याची तार सरांनी काढून मॉडेमला लावलेली, कारण इंटरनेट त्याच तारेतून जायचं. धुळ्याच्या कॅफेतही फोन एकच, आणि तोही त्याच कामाला जुंपलेला. म्हणजे दोन्ही टोकांना जगातलं सगळ्यात वेगवान साधन चालू होतं आणि त्यापायी एकमेकांना साधं "हॅलो" म्हणायची सोय उरली नव्हती.

निवडणूक अधिकाऱ्यांनी आधी धुळे तालुक्याच्या पेट्या फोडल्या. का, तर त्या दाराजवळ होत्या. धुळे म्हणजे आप्पांचं घरचं अंगण. पहिल्या फेरीत आप्पा असे सुटले की कुंदाबाईंची माणसं पान खायला बाहेर गेली ती लवकर परत आलीच नाहीत. सरांनी पहिली फेरी पानात लिहून चढवली. मग साक्री, शिंदखेड्याच्या पेट्यांत लीड घटलं. मग अंमळनेर फुटलं. मग धरणगाव, पारोळा, जळगाव. प्रत्येक फेरीला सर इमानाने फाइल बदलत होते, समोरच्या पडद्यावर आकडा टचकन हलत होता आणि सभागृहातले लोक मोजणीचं टेबल सोडून सरांच्या मागे गर्दी करत होते. एक साहेब तर म्हणाले, "बैसाणे, तुम्ही इथं असायला हवं होतं." सरांना आतून पालवी फुटली. शेवटच्या फेरीला कुंदाबाई निवडून आल्या, आप्पा पडले. कुणीतरी बाईंना गुलाल लावायला पुढे आलं तर त्या म्हणाल्या, "नको, डोळे चुरचुरतात," आणि पिशवी उचलून अंमळनेरच्या गाडीला निघून गेल्या.

सरांना आप्पांचं वाईट वाटलं. त्याहून जास्त स्वतःचं. पण त्यांनी मनाची समजूत घातली: काम तर चोख झालं. हरला तरी माणूस शब्दाचा पक्का असेल. एवढी आशा शिक्षकाने ठेवू नये, पण पोटाला पोळी लागते तशी मनाला आशा लागते.

तिकडे धुळ्यात काय चाललं होतं ते नंतर झिपरू नानांनी रंगवून सांगितलं. पान उघडलं, छत्री आली, फेटा आला, आणि आप्पा प्रचंड आघाडीवर. बँडवाल्यांनी काठी उचलली. आप्पा म्हणाले, "थांबा, पुढची फेरी येऊ द्या." कॅफेवाल्याने पान पुन्हा मागवलं. पुन्हा छत्रीची काठी, पुन्हा कापड, पुन्हा चहा. आप्पा तेवढ्याच आघाडीवर. पुन्हा मागवलं. तेवढीच आघाडी. नेटस्केपला ती एक्सएमएलची फाइल म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. त्याच्या ताटात वाटीच नव्हती. ते बिचारं पानात लिहिलेली पहिली फेरीच इमानाने दाखवत बसलं होतं.

"आघाडी ढळत नाही याचा अर्थ काय?" एका मुख्याध्यापकांनी मांडवात विचारलं. ते गणिताचे होते. "याचा अर्थ पुढच्या सगळ्या फेऱ्यांत दोघांना समसमान मतं पडताहेत. म्हणजे विजय पक्का."

हे ऐकल्यावर बँड कोण थांबवणार? पोती फुटली. गल्ली लाल झाली. आप्पांना उघड्या जीपवर चढवलं. तेवढ्यात जळगावहून ट्रक पकडून उखर्डू धापा टाकत पोचला. "आप्पा, थांबा! कुंदाबाई निवडीसन ऊनी!" कुणी ऐकेना. ज्यांनी ऐकलं त्यांनी त्याला ओढत कॅफेत नेऊन पडद्यासमोर उभं केलं. "हाई काय शे? वाच! इंटरनेट खोटं आणि तू खरा? कितीत विकला गेलास रे?" उखर्डूने वाचलं. आप्पा आघाडीवर. त्याने डोळे चोळले. पाच-दहा मिनिटांनी तोही जीपच्या पुढे नाचत होता. पुढे चौकशीत त्याने सांगितलं की सकाळी आपण जळगावात जे पाहिलं त्यावरचा आपला विश्वासच उडाला होता.

संध्याकाळी सर एसटीतून धुळ्याला उतरले तर रस्ता लाल. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा: काय मोठ्या मनाची माणसं आहेत आपल्या धुळ्याची! एका बाईच्या विजयाचा एवढा आनंद! ते भारावून पुढे गेले, आणि जीपवर फेटा दिसला.

"अरे, हाई दखा आपला इंटरनेटवाला!" कुणीतरी ओरडलं. पुढच्या क्षणी सर जीपवर होते, गळ्यात हार, कपाळावर, नाकात, चष्म्याच्या दोन्ही काचांवर गुलाल. आप्पांनी त्यांचा हात धरून उंच केला. माईकवर घोषणा केली, "या माणसामुळे आज धुळं जगाच्या नकाशावर आलं! बैसाणे सरांची प्रतिनियुक्ती झाली असं समजा!" बँडने जोर केला. गर्दीच्या कडेला मंदाबाई मुलीला घेऊन उभी होती आणि मुलगी उड्या मारत होती. पप्पा जीपवर. पप्पा येणार. कायमचे.

न बोलावं तर? पण उद्या जळगावचा पेपर येणार. त्यांनी आप्पांच्या कानाशी तोंड नेलं. "आप्पा, तुम्ही पडलात."

आप्पांचा हात हवेतच राहिला. चेहऱ्यावरचं हसू तसूभर ढळलं नाही. दोन्ही बाजूंना नमस्कार करत, ओठ न हलवता ते म्हणाले, "किती?"

"बऱ्याच."

"मग गप उभा राह्य. गुलाल पडेल शे. एकदा पडलेला गुलाल पोत्यात भरता येतो का? हात वर कर. हस."

सर हसले. चष्मा लाल असल्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं, ते बरंच होतं. घरी जाताच त्यांनी पहिलं काम केलं ते पान दुरुस्त करण्याचं: अंतिम निकाल हाताने पानात लिहिला, म्हणजे यापुढे कुठल्याही ब्राउझरमध्ये कुणी फसायला नको. माणसाने कधी इतकं प्रामाणिक असू नये.

कुंदाबाईंच्या बाजूच्यांनी तक्रार केली. कारणे दाखवा नोटीस आली: "आपण एकाच निवडणुकीचे जळगाव येथे एक व धुळे येथे दुसरे असे दोन निकाल प्रसिद्ध करून सभासदांत संभ्रम निर्माण केला." चौकशीला जळगावचे एक साहेब बसले. पाठीमागे टॉवेल टाकलेली खुर्ची, टेबलावर काच, काचेखाली देव.

"पान एकच?"

"एकच, साहेब."

"आकडे एकच?"

"फाइलीत एकच."

"मग धुळ्यात वेगळं कसं दिसलं?"

"ब्राउझर वेगळे होते, साहेब. एक एक्स्प्लोरर, एक नेटस्केप."

साहेबांनी पेन उचललं. "हे दोघे कुठल्या आस्थापनेवर आहेत?"

"ती माणसं नाहीत, साहेब. प्रोग्रॅम आहेत."

"शासकीय कार्यक्रम?"

सरांनी ताट, भाकरी आणि वाटी सांगितली. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं आणि लघुलेखकाला सांगितलं, "लिहा. अपचारी शिक्षक जेवणाचे दाखले देऊन प्रश्न टाळतात." मग हुकूम झाला: दोन्ही ब्राउझर पुढच्या तारखेला समक्ष हजर करा.

पुढच्या तारखेला सरांनी स्वतःचा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने जळगावला नेला. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं. साहेबांच्या टेबलावर, एकाच पडद्याच्या एका बाजूला एक्स्प्लोरर उघडला, दुसऱ्या बाजूला नेटस्केप. अख्खी कचेरी गोळा झाली. छत्री आली. फेटा आला. डावीकडे कुंदाबाई विजयी. उजवीकडेही कुंदाबाई विजयी. होणारच. सरांनीच दुरुस्त केलं होतं.

"दोन्हीत सारखंच दिसतंय की!"

"साहेब, ते आता मी दुरुस्त..."

"म्हणजे दोष नाही?"

"तेव्हा होता."

"दाखवा."

"आता कसा दाखवू? दुरुस्त केला ना!"

साहेब समाधानाने मागे टेकले. अहवाल आला: संगणकात दोष आढळला नाही, दोन्ही ब्राउझर निर्दोष असून सहकार्याची वृत्ती दिसली. दोष असल्याची अफवा बैसाणे यांनी पसरवली. सबब, त्यांना मूळ शाळेतच ठेवावे व संगणकाच्या जवळ येऊ देऊ नये.

सोमवारी सर पुन्हा शिरपूर गाडीत बसले. मंदाबाईने डबा दिला. मुलीने विचारलं, "पप्पा, मग आता पुढच्या शनिवारी?" नाल्यात चपला हातात घेऊन उभे असताना सरांना नेटस्केपची, साहेबांची आणि आप्पांची एका दमात आई-बहीण आठवली. आसपास कोणी नव्हतं. त्यांनी ती मोठ्याने आठवली. बरं वाटलं.

आणि मग, कुठलाही अर्ज न करता, आदेश आला. यादव भिका बैसाणे, उपशिक्षक, यांची सेवा संगणक कक्ष, धुळे येथे वर्ग करण्यात येत आहे. सही आप्पांच्या व्याह्यांची.

सर आप्पांचे आभार मानायला गेले. आप्पांच्या दिवाणखान्यात कॅफेवालं जुनं मशीन मांडलं होतं. पडद्याला झेंडूची माळ, कीबोर्डावर विणलेला रुमाल. माउस उपटून काचेच्या कपाटात ठेवला होता, चांदीच्या निरांजनाशेजारी. पडद्यावर त्या दिवसापासून न मिटलेलं तेच पान: रुपचंद आप्पा, प्रचंड आघाडीवर. खाली दोन बॅटऱ्या जोडल्या होत्या, कॅफेतून आणताना किंवा वीज गेली तरी पान जाऊ नये म्हणून.

"पाहुणे येतात ना," आप्पा म्हणाले. "त्यांना दाखवतो. जळगाववाल्यांनी आपल्याला पाडलं, पण इंटरनेटवर आजही आपणच आहोत. लोकांना पटतं. स्वीकृत संचालक म्हणून आपलं नाव घ्यायचं चाललंय. आता तुझं काम एवढंच. सकाळी कक्षात सही करायची आणि इथं येऊन बसायचं. हे पान बदलता कामा नये."

सरांना आपण काय ऐकतोय ते कळायला वेळ लागला. सारी विद्या खर्चून त्यांनी पान बदलतं केलं होतं, आणि सरकारने त्यांना पगार द्यायचा ठरवला होता तो ते बदलू न देण्यासाठी. तोंडावर दोन शब्द फेकून चालू पडावं असं वाटलं. मग मुलीची उडी आठवली. सर खुर्चीत बसले. काही दिवस बरे गेले. घरी दार उघडून कुणी वर्दी देईनासं झालं. उलट मुलगी आतूनच ओरडायची, "उघडंच आहे!"

मग बॅटऱ्यांनी मान टाकली. दुपारी वीज गेली, पडदा काळा पडला, आणि त्याच दिवशी चहाला पतपेढीचे चार नवे संचालक यायचे होते, आप्पांच्या नावाचा ठराव ठरवायला. वीज आली. सरांनी कपाटातून माउस काढून, फोनची तार जोडून पान नव्याने मागवलं. छत्री आली, फेटा आला, खाली सरांनीच दुरुस्त केलेली ओळ: कुंदाबाई विजयी.

आप्पा दारात पांढरे पडून उभे होते. "यादव! लेका, काहीतरी कर. नाहीतर तू सोमवारी शिरपूर गाडीत."

सरांनी शबनममधून फ्लॉपी काढली. तीत पहिल्या फेरीचं मूळ पान होतं, फोटोंसकट. ते मशिनमध्ये उतरवलं, फाइल मागवायची जी ओळ लिहायला त्यांना इतक्या रात्री जागावं लागलं होतं ती एक बटण दाबून खोडली, आणि उघडलं. काठी, कापड, फेटा, आप्पा, आघाडी, सगळं डोळ्यांची पापणी लवायच्या आत. व्याह्यांच्या कक्षाचा नवा कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत येऊन पडला होता, त्यावर एक्स्प्लोरर पाच होतं. सरांनी तिथेही तेच उघडलं. तिथेही तेच, तसंच, तितक्याच झपाट्याने.

आप्पा या खोलीतून त्या खोलीत दोनदा जाऊन आले.

"दोन्हीत सारखं?"

"सारखं."

"आणि इतकं लवकर?"

"याला नेट लागत नाही, आप्पा. कुठून काही नवं यायचंच नाही."

बाहेर संचालकांची गाडी वाजली. आप्पांनी फेटा नीट केला आणि जाता जाता सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मंग हाई तू आधीच काबर नही करं रे भो?"

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शिरपूरची गाडी सुटून गेली होती.